राहू दे म्हणजे काय, प्रफुल?

प्रफुल, तुला जाऊन अजून महिना व्हायचा आहे आणि तू रोज माझ्या कानात बोलतो आहेस. हे मी अलंकारिक बोलत नाही. खरोखर बोलतो आहेस, घशात खरखर घेऊन, आणि तुझ्या मागे पिठाच्या गिरणीची घरघर. "अंतरा येऊन राहिला. दोन, तीन, चार." गेलेल्या माणसाचा आवाज आठवेनासा झाला म्हणून लोक रडतात. माझी तक्रार उलटी आहे.

परवा हे आईला समजावून सांगताना माझ्या नाकी नऊ आले. म्हटलं, अगं, स्टेजवर आम्ही सगळे कानात बारके इयरफोन घालतो. त्यात टिकटिक वाजत असते, म्हणजे कोणी पुढेमागे होत नाही. आणि कोणीतरी आधीच बोलून ठेवलेलं असतं, आता धृपद, आता थांबा, आता सगळे एकदम. ते फक्त आम्हाला ऐकू येतं, समोर बसलेल्यांना नाही. आईने गवार मोडता मोडता विचारलं, मग ते बोलून कोणी ठेवलंय? मी तुझं नाव घेतलं. तिचे हात थांबले. म्हणाली, "काढून टाका बाई ते आधी."

काढणं फार अवघड नाही, दहा मिनिटांचं काम आहे. तू ते बोलून ठेवलंस तेव्हाही तेवढीच घाई केली होतीस. नागपूरच्या नंदनवन भागातली आपली सरावाची खोली गिरणीच्या वर, भिंतींना तुझ्या बहिणीच्या लग्नातल्या गाद्या ठोकलेल्या. अमित गिटार पुसत सांगत होता की गिरणी बंद झाल्यावर रेकॉर्ड करू. पण तू ड्रमर, तुला थांबणं माहीत नाही. भर दुपारी, दळण चालू असताना, अकरा गाण्यांच्या सूचना तू एका दमात बोलून मोकळा झालास. त्यामुळे त्या फाइलमध्ये तुझ्या मागे कोणाची तरी ज्वारी कायमची दळली जाते आहे.

तू नसतास तर मी गायले असते का, याचा विचार मी गेले काही दिवस करते आहे. विमा कंपनीतलं ऑफिस सुटल्यावर धरमपेठेतल्या एका कॅफेत मी पहिल्यांदा गायले, तेव्हा माझ्यामागे वाजवायला तुला आणि अमितला कोणीतरी पकडून आणलं होतं. निवेदकाने तुला विचारलं, बँडचं नाव काय सांगू? आपल्याला नाव असू शकतं हेच तुला नवीन होतं. तू म्हणालास, "काहून?" त्याने माइक उचलला आणि जाहीर केलं, आता आपल्यासमोर येत आहे, काहून! अकरा वर्षं आपण तेच नाव लावलं. पुण्याच्या लोकांना काहून म्हणजे 'का' हे सांगताना तुझी छाती फुगायची.

त्या काळात नागपुरात स्वतःची गाणी वाजवणारे बँड शोधावे लागत. लग्नातले ऑर्केस्ट्रा होते, त्यांचा मान मोठा होता. आपण आपलं गाणं सुरू केलं की मागच्या टेबलावरून हमखास फर्माईश यायची, भैया, कुछ पुराना हो जाए. एकदा तू काठ्या खाली ठेवून अगदी गंभीरपणे सांगितलंस, "हे पुरानंच आहे, काल रात्री बनवलं." तो माणूस शेवटपर्यंत बसला आणि जाताना तुझ्याशी हात मिळवून गेला. मे महिन्यात गिटारच्या तारा उतरायच्या, कूलरचा आवाज माइकमध्ये शिरायचा, ऐन रंगात वीज जायची. तू म्हणायचास की या गावात जो टिकला तो कुठेही वाजवेल.

आणि मग तू ती पितृपक्षाची शक्कल काढलीस. आपल्याकडे लग्नाच्या लॉनना तोटा नाही, पण पितृपक्षात ना लग्न, ना साखरपुडा, ना वास्तू. लॉनचे मालक पंधरा दिवस माशा मारत बसतात. बेसा भागातल्या एका मालकाला तू गाठलंस आणि दरवर्षी एक दिवस जागा जवळजवळ फुकटात मिळवलीस. फक्त गावातले बँड, दुपारी चारपासून संध्याकाळपर्यंत, आणि प्रत्येकाने स्वतःचं एक तरी गाणं वाजवायचंच. मालकाला आधी धाकधूक होती की या दिवसांत गाणं-बजावणं बरं दिसतं का. तू त्याला विचारलंस, "काहून, पितरायले कान नसते का?" आम्ही किती हसलो होतो. यंदा ते आठवलं तेव्हा कोणी हसलं नाही.

आता भांडणाकडे येते, कारण ते अर्धं राहिलं आहे.

ते गाणं. शब्द तुझे, चाल माझी. मले ठेव तुह्या उन्हात. सावली नको, ऊनच दे, पण तुझ्याजवळचं दे, असं म्हणणारं गाणं नागपूरच्या माणसालाच सुचेल. ते मी जीव तोडून गायचे, पण मी महाल भागातली. आमच्या घरी 'मले' म्हटलं की आई डोळे वटारायची. पणजोबांच्या वेळेपासून कारकुनी करत आलेलं घर, बोलणं नीटनेटकं पाहिजे. तू कन्हानचा, घरी शेती, 'मले'शिवाय तुझं वाक्य सुरू व्हायचं नाही. अकरा वर्षांत मी तुझ्याशीही तशी बोलले नाही. बोलले ती नक्कल करायला. ऑफिसात तुझ्या बोलण्याच्या नकला करून मी टाळ्या घेतल्या आहेत, हे तुला कधी सांगितलं नाही. बहुतेक तुला माहीत होतं.

मुंबईच्या एका कंपनीला ते गाणं हवं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, 'मले'चं 'मला' करा, 'तुह्या'चं 'तुझ्या' करा, म्हणजे सगळीकडे कळेल. मी लगेच तयार झाले. दोन अक्षरांनी काय होतं, असं मी म्हणाले. तू झांजेवरची धूळ पुसत म्हणालास, "तुम्ही लोकं 'मले' फक्त हसवाले वापरता. दुःख आलं का 'मला' म्हणता."

मी चिडले. पूर्ण ऑगस्ट आपण भांडलो. तुला गाव सोडवत नाही, तुला मोठं व्हायचंच नाही, असं वाटेल ते मी बोलले. आज त्यातलं एकेक वाक्य मला तोंडपाठ आहे.

त्यात तुला डेंग्यू झाला. आपल्याकडे या दिवसांत घरोघरी कोणीतरी पडलेलं असतं, म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नाही. कंपनीला उत्तर द्यायचं होतं म्हणून गुरुवारी तुला दवाखान्यात फोन लावला. तब्येतीचं विचारलं, पण उत्तर नीट ऐकलं नाही. मग म्हटलं, "शेवटचं सांग, मले ठेवायचं की मला करायचं?" तुझा श्वास ऐकू येत होता. भांड्याचा काहीतरी आवाज झाला. मग तू म्हणालास, "राहू दे." आणि फोन बंद झाला.

राहू दे म्हणजे सोड. जाऊ दे. तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. मी ते असंच ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. शुक्रवारी भेटायला आले नाही. प्लेटलेट वाढताहेत, रविवारी घरी सोडतील, असं अमितने सांगितलं. मी ठरवलं की तू घरी आलास की येईन, तोंड जरा वाकडं ठेवूनच येईन. शनिवारी दुपारी अमितचा पुन्हा फोन आला. तो नुसता माझं नाव घेत होता, मिनल, मिनल, पुढे काही बोलत नव्हता.

यंदाचा कार्यक्रम रद्द करायचं कोणाच्याच मनात आलं नाही. उलट कधी नव्हे एवढे बँड आले. तुझ्या जागी साक्षी बसली. बेशाची ती मुलगी, खसताटी नावाचा तीन मुलींचा बँड चालवते, तिला हातात काठी धरायला तूच शिकवलंस. सरावाला आम्ही मुद्दाम गिरणीच्या सुट्टीचा वार निवडला, म्हणजे शांतता मिळेल. खाली शटर ओढलेलं होतं. अमितने लॅपटॉपवर फाइल लावली आणि तिघांच्याही कानात गिरणी सुरू झाली. साक्षीने एकदम जिन्याकडे पाहिलं. मग तू खाकरलास आणि मोजायला लागलास.

चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मध्ये काय आहे ते आम्ही विसरलो होतो. तिथे तू रेकॉर्डिंग थांबवायला विसरला आहेस. बारा सेकंद नुसती गिरणी, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग तू कोणाला तरी विचारतोस, "आली का ती?" लांबून अमितचा आवाज, "नाही." एवढंच. अमितला आठवलं, त्या दिवशी मी नेहमीसारखी उशिरा आले होते आणि तू खोळंबला होतास. आता ते दर वेळी वाजतं. चौथं गाणं संपलं की तू विचारतोस, अमित सांगतो नाही. खरंच आहे, प्रफुल. मी आले नाही.

अमित म्हणाला, साक्षीच्या आवाजात नवीन करून घेऊ, पोरगी भेदरली आहे. मी म्हणाले, कार्यक्रम होऊ दे. मी काही मोठी धीराची नाही. पुसलं तर तू विचारणारा उरणार नाहीस, एवढीच मला भीती होती.

कार्यक्रमाच्या दिवशी शेजारच्या गच्चीवर कोणीतरी पान वाढून ठेवलं होतं. दुपारभर कावळे तिथून उठून आपल्या स्टेजच्या कमानीवर येऊन बसत होते. साउंड चेकला साक्षीने ढोल्या ड्रमवर पाय मारला की उडायचे आणि पुन्हा येऊन बसायचे. तेराव्याला तुझी आई म्हणाली होती की वर्ष झाल्याशिवाय माणूस पितरांत जात नाही, तोवर वाटेवरच असतो. मला त्या कावळ्यांकडे पाहवत नव्हतं आणि नजर तर तिकडेच जात होती.

पण तू बघायला हवं होतंस रे. उलटा पंखा नावाचा नंदनवनातल्या पोरांचा बँड आला, त्यांनी कूलरच्या टाकीवर ताल धरला. कन्हानची दोन भावंडं आली, त्यांनी कोळशाच्या ट्रकवर गाणं केलं आहे, पूर्ण तुमच्या बोलीत, आणि कोणालाही हसवण्यासाठी नाही. खसताटीच्या मुलींनी तर जमिनीला हादरे दिले. कोणीही 'कुछ पुराना' मागितलं नाही. लॉनभर खुर्च्या रिकाम्या आणि माणसं उभी. अकरा वर्षं आपण एवढ्यासाठीच मरत होतो, आणि ते झालं तेव्हा मला तुझ्यावर पुन्हा राग आला.

आपली पाळी शेवटची. कंपनीला त्याच गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. मी ठरवलं होतं, 'मला' गायचं. तू स्वतःच विषय सोडलास, मग मी कशाला धरून बसू? आणि तसंच गायले, दोन्ही अंतऱ्यांना, स्वच्छ, मला ठेव तुझ्या उन्हात. दोन्ही कानांत टिकटिक, गिरणी आणि तू, समोरचं काही ऐकू येत नव्हतं. लोकांचे ओठ हलताना दिसत होते.

शेवटी तो लांबवलेला सूर येतो. मी तो धरायचा आणि ड्रमने त्याच्याखाली हळूहळू उठत जायचं. सरावात हे गाणं एकदाही शेवटपर्यंत गेलं नव्हतं. तिथे तू बोललास, "राहू दे... राहू दे..." आणि साक्षी थांबली. काठ्या मांडीवर ठेवून, पांढरीफटक, समोर बघत बसली. ती थांबली म्हणून अमित थांबला. माझाही सूर अर्ध्यात तुटला. स्टेजवर काही वाजत नव्हतं आणि कानात तू शांतपणे पुढे मोजत होतास.

मी उजव्या कानातला इयरफोन ओढून काढला. डाव्या कानात तू म्हणालास, "दोन, तीन, चार." आणि चारला, बरोबर चारला, उजव्या कानात अख्खं लॉन गायला लागलं. मले ठेव तुह्या उन्हात. ना वाद्य, ना कोणी हात दाखवला. त्यांना तू ऐकू येत नव्हतास, प्रफुल. हे मी कितीदा तपासून पाहिलं, अमितला विचारलं, मशीनवाल्याला विचारलं. तुझा आवाज बाहेर जातच नव्हता. तरी ती माणसं तुझ्या मोजणीवर आली, आणि तू थांब म्हणालास तिथे थांबली. माझ्या अंगावर जो काटा आला तो अजून पुरता गेलेला नाही. कमानीवर तेव्हा एकही कावळा नव्हता.

स्टेजच्या मागे साक्षी म्हणाली, "ताई, दादा म्हणाले राहू दे. मले वाटलं, नोको वाजवू म्हणून राहिले." मी तिला जवळ घेऊन सांगितलं, नाही गं, वाजवताना तो राहू दे म्हणतो त्याचा अर्थ सोडू नको. आहे तो सूर राहू दे, चालू ठेव. हे सांगता सांगता माझ्या तोंडचं पाणी पळालं. तुझा तो शब्द अकरा वर्षं मी याच अर्थाने ऐकला होता. फक्त एकदा, फोनवर, दुसऱ्या अर्थाने ऐकला. मले ठेवायचं की मला करायचं, असं मी विचारलं होतं, आणि तू म्हणाला होतास, राहू दे. म्हणजे मले राहू दे? तू उत्तर दिलं होतंस आणि मी त्यालाच शिवी समजून घरी बसले होते?

मला हे कोणाला तरी विचारायचंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कन्हानला गेले. तुझ्या आई, काकू, ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी आधी कार्यक्रमाचं सांगितलं, मग धीर करून त्या गुरुवारच्या फोनचं विचारलं. तुम्ही जवळ होता ना, तो राहू दे म्हणाला, ते कसं म्हणाला?

काकूंना आठवायला वेळ लागला नाही. म्हणाल्या, "ते तुले नव्हतं म्हटलं वं त्यानं. पपईच्या पानाचा रस ठेवला होता, तो पीतच नव्हता. मी गिलास उचलून नेत होती, तर मले म्हणे, राहू दे. मंग त्याले धाप लागून राहिली, म्हून मीच फोन बंद केला." पुन्हा तांदळात बोटं घालत त्या म्हणाल्या, "मंग प्यायला थो रस. थोडासा."

म्हणजे तू मला सोडही म्हणाला नव्हतास आणि ठेवही म्हणाला नव्हतास. एका पेल्याबद्दल तू तुझ्या आईशी बोललास आणि त्यावर मी दोन दिवस रुसून बसले, आणि ते दोन दिवस तुझे शेवटचे होते. माझा प्रश्न तसाच पडून आहे. कंपनीला मी अजून काही कळवलेलं नाही. तुला भेटायला यायला हवं होतं, हे एवढंच वाक्य मला तुझ्यासमोर बोलायचं होतं. ते मी काकूंना बोलले. त्यांनी तांदळातून हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

मग त्यांनी विचारलं की कानात त्याचा आवाज येतो म्हणतात ते खरं का. आईने सांगितलं तसं त्याही म्हणतील, काढून टाका, असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मले ऐकव." मी मोबाइलवर फाइल लावली आणि इयरफोन त्यांच्या कानात नीट बसवले. त्या डोळे मिटून बसल्या. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. मध्ये एकदा त्यांनी "हो" म्हटलं, कोणीतरी हाक मारल्यावर म्हणतात तसं. मग बऱ्याच वेळाने डोळे न उघडताच म्हणाल्या, "कोणाले मोजून राहिला वं हा?"

"आम्हाले," मी म्हणाले.

आम्हा दोघींपैकी कोणीही हसलं नाही.